ती कुरकुर कोणाची होती?

शास्त्रभाग : लूक १९:१–१०



जक्कयाची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतील लहान लेकरांनाही तोंडपाठ असते. तो ठेंगणा होता, उंबरावर चढला, प्रभूने त्याला नाव घेऊन हाक मारली आणि तो आनंदाने खाली उतरला. येथवर आम्ही उपदेशक रमतगमत येतो. परंतु सातव्या वचनापाशी आलो म्हणजे घाई करतो. प्रभू पापी मनुष्याच्या घरी उतरावयास गेला हे पाहून लोक कुरकुर करू लागले, असे तेथे लिहिले आहे. या लोकांना आम्ही आजवर व्यासपीठावरून पुष्कळ दोष दिला. ते कोत्या मनाचे, परूशी वृत्तीचे, दुसऱ्याचे तारण ज्यांना पाहवत नाही असे, हे आम्ही निदान दहा वेळा तरी सांगितले असेल. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तसे सांगण्यास आमची जीभ उचलत नाही. त्याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक होय, आणि ती लपवून हा शास्त्रभाग उलगडून सांगता येणार नाही.

आमच्या मंडळीतील चारपाच जण महिन्यातून एकदा मध्यवर्ती कारागृहात भजन-प्रार्थनेसाठी जात असतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने बंदीवानांच्या समाचारास जाण्याविषयी जे सांगितले आहे, त्यास अनुसरून हे काम चालते. तेथे आमच्याच शिवारातील एक मनुष्य जन्मठेप भोगीत आहे. त्याने पवित्र शास्त्र वाचावयास घेतले, त्याची वागणूक पालटली, आणि पुढे त्याला काही दिवसांची संचित रजा, जिला लोक फर्लो म्हणतात ती, मंजूर झाली. आम्हांस इतका आनंद झाला की पुढल्याच रविवारी आम्ही उपासनेत त्याचे नाव घेऊन उपकारस्तुती केली. मंडळी ‘आमेन’ म्हणाली. स्त्रियांच्या बाजूला शेवटच्या ओळीत बसलेली एक म्हातारी तेवढी उठली आणि बाहेर निघून गेली.

बांधाच्या भांडणात त्या मनुष्याने जिच्यावर कुऱ्हाड चालविली त्या घरातील ती माउली होती. तिचा एकुलता मुलगा त्यात गेला. हे आम्ही या मंडळीत येण्यापूर्वीचे. तिचा मुलगा वारला आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. कसा वारला, हे आम्ही कधी विचारले नव्हते. तो मनुष्य गावात येणार ही बातमी तिला कारागृहाकडून कळली नाही, पोलिसांकडून कळली नाही. ती कळली तिच्या पाळकाच्या तोंडून, आणि तीही स्तुतीच्या रूपाने!

सायंकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने पाट दिला, पाणी दिले. मग म्हणाली, “पाळकसाहेब, त्याच्याकडं जायला तुम्ही एस्टीनं तीन तास जाता. माझं घर तर देवळाच्या मागंच हाय.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या रात्री आम्ही लूकचा हा अध्याय पुन्हा वाचला. यरीहो हे व्यापारी वाटेवरचे सधन नगर, आणि जक्कय तेथील मुख्य जकातदार. त्या काळचे जकातदार सरकारी आकारापेक्षा अधिक उकळीत, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्यांना जी ताकीद दिली (लूक ३:१३) तिच्यावरूनच उघड होते. मग त्या दिवशी उंबराखाली दाटीवाटीने उभे असलेले लोक कोण होते? त्यांत ज्याचे धान्य अधिक मोजून नेले असा शेतकरी नसेल काय? जिच्या बकऱ्या जकातीत गेल्या अशी विधवा नसेल काय? त्यांनी पाहिले की ज्याने आपल्याला नागविले त्याच्याकडे गुरुजी जेवावयास निघाले; आपल्या घरी कोणी आले नाही. ती कुरकुर सगळीच मत्सराची होती असे म्हणण्यास आता आमचे मन घेत नाही. तिच्यात जखमेचा कण्हण्याचा आवाजही असला पाहिजे. आणि हेही पाहा की त्या कुरकुरीबद्दल प्रभूने त्यांना धमकाविल्याचे या भागात एक अक्षरही नाही.

उलट, तिला उत्तर मिळाले ते जक्कयाच्या मुखातून. तो उभा राहिला आणि अर्धे द्रव्य दरिद्र्यांना देण्याचे व ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. मोशेच्या नियमशास्त्रात (गणना ५:५–८) पाप कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम भरून द्यावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ते ज्याचा अपराध केला त्याच्याच हाती द्यावे, असे आहे. चौपटीचा दंड चोरलेल्या मेंढरासाठी (निर्गम २२:१). जक्कयाने आपल्यासाठी हलका नियम न निवडता जड निवडला. त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे प्रभूने जाहीर केले ते यानंतर. आम्ही मात्र बंदीवानाचा पश्चात्ताप ऐकून तत्काळ आमेन म्हणतो, आणि चौपट कोणाच्या दारी पोहोचावयाचे होते याची चौकशी करीत नाही.

आता राज्यकर्त्यांचा तुरुंग घ्या. खटल्याच्या कागदावर एका बाजूला राज्य असते, दुसऱ्या बाजूला आरोपी. ज्याला मार बसला तो केवळ साक्षीदार. साक्ष झाली, शिक्षा झाली, कारागृहाचा दरवाजा बंद झाला, की आतल्या दप्तरात त्या दुःखिताचे नाव राहत नाही. बंदीवानाला जेवण, औषध, वकील आणि रजा मिळते. ते मिळालेच पाहिजे. त्याबद्दल कोणी आमच्यापाशी तक्रार करू नये. परंतु त्याच्या सुटकेची तारीख जिला सर्वांआधी कळावयास हवी, तिला ती शेवटी कळते.

असे न कळविण्याने काय होते, हे अमेरिकेतील लुईव्हिल नगरात १९९३ साली दिसले. एका तरुणीवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून तिचा पूर्वीचा मित्र कोठडीत होता. कोणीतरी त्याचा जामीन भरला. त्याला सोडले, हे तिला कोणी सांगितले नाही. डिसेंबर महिन्यात, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याने तिला गोळ्या घालून ठार केले. पुढल्या वर्षी त्या परगण्याने अशी योजना केली की दुःखिताने आपला दूरध्वनी क्रमांक नोंदवावा, आणि कैदी सुटताच यंत्राने आपोआप त्या क्रमांकावर वर्दी द्यावी. ती योजना नंतर त्या देशाच्या बहुतेक भागांत पसरली. कॅनडा देशात १९९२ च्या कायद्याने, ज्याचा अपराध झाला त्याने मागणी केल्यास, कैद्याची शिक्षा किती, रजेस व पॅरोलला तो केव्हा पात्र होणार, हे कळविण्याची सोय झाली. २००१ पासून पॅरोलच्या सुनावणीत त्याला स्वतःचे निवेदन वाचता येते. टेक्सास संस्थानात तुरुंग खात्याचाच एक विभाग दुःखितांसाठी आहे. तेथे १९९३ पासून, दुःखिताची इच्छा असेल तरच, कैद्याशी त्याची समोरासमोर भेट घडवितात. कैद्याने होकार दिला पाहिजे, दोघांची पुष्कळ दिवस तयारी करून घेतात, आणि या भेटीबद्दल कैद्याला पॅरोलमध्ये काही सवलत मिळत नाही. ही शेवटची अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. चौपट देऊन जक्कयालाही जकातीत काही सूट मिळाली नव्हती.

चार्ल्स कोल्सन नावाचे एक गृहस्थ, जे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पदरी होते आणि १९७४ साली स्वतः तुरुंगात गेले, त्यांनी १९७६ मध्ये बंदीवानांसाठी एक ख्रिस्ती संस्था काढली. तिच्या आंतरराष्ट्रीय शाखेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक उपक्रम आरंभिला, त्याला नावच या उंबराच्या झाडावरून दिले आहे. काही आठवडे बंदीवान आणि दुसऱ्या कोणाच्या अपराधाने दुखावलेले लोक तुरुंगातच एकत्र बसतात. ज्याने चोरी केली त्याच्यासमोर, ज्याचे घर फुटले असा परका मनुष्य आपली हकिकत सांगतो. पुष्कळ कैदी, आपल्या कृत्याचे पुढे काय झाले, हे तेथे प्रथमच ऐकतात.

आपल्या देशातही अगदीच काही नाही असे नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्यावी असे सांगताना, त्या मजुरीचा काही अंश दुःखितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याचा विचार सरकारांनी करावा, असेही सांगितले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ घालून ३१ डिसेंबर २००९ पासून भरपाईची योजना लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तीच गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. गुन्हेगार सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून पॅरोलच्या वेळीही पीडिताचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क आहे. (पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींतील आमच्या ख्रिस्ती लोकांना त्या कायद्याचा आश्रय मिळत नाही, ही वेगळी व्यथा आहे, तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी.) आणि महाराष्ट्रात कैद्याला रजा देण्यापूर्वी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवितात. आमच्या उपदेशक बंधूंनी हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. तो अहवाल लिहिला जात असताना दुःखित कुटुंबाला हाताशी धरून ठाण्यात जाणे आणि त्यांचे म्हणणे लेखी देणे, यास पदवी लागत नाही.

एक गोष्ट मात्र करू नये. घाईने क्षमेचा आग्रह धरू नये. “बाई, क्षमा कर, नाहीतर तुझी प्रार्थना ऐकली जाणार नाही,” असे शोक करणाऱ्यांना सांगताना आम्ही ऐकले आहे, आणि ते ऐकून आम्हांस लाज वाटली आहे. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जाण्याची आज्ञा (मत्तय ५:२३, २४) प्रभूने कोणाला केली? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला. म्हणजे पहिले पाऊल अपराध्याचे.

तर त्या माउलीचे काय झाले? दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. फौजदारांनी नीट ऐकून घेतले. आणि तो मनुष्य रजेचे दिवस आमच्या गावी न येता त्याच्या बहिणीच्या गावी राहिला. भरपाईचा अर्ज आम्ही करविला आहे. तो फार उशिराचा आहे, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. पुढल्या खेपेस कारागृहात गेलो तेव्हा तिचे शब्द आम्ही त्या बंदीवानाला सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत बसला. मग त्याने विचारले, मजुरीतून जे जमले आहे ते तिला पाठविले तर ती घेईल काय? आम्ही परत येऊन तिला विचारले. तिने चुलीतील लाकूड मागे ओढले आणि म्हणाली, “आत्ता नको. वाटलं तर सांगीन.” तो निरोप आम्ही जसाच्या तसा त्याला पोहोचविला.