खटल्याची तारीख, मतदानाची तारीख

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. तेव्हापासून या राज्याला माजी मुख्यमंत्री मिळाले ते तीनच: अजित जोगी, डॉ. रमण सिंह आणि भूपेश बघेल. तिघांच्या राजकारणाची जातकुळी वेगळी, पण एका बाबतीत तिघे एका रांगेत बसतात. मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर तिघांवरही रायपुरात गुन्हा नोंदला गेला. जोगींवर फेब्रुवारी २०१९ मध्ये, अंतागढ पोटनिवडणुकीच्या ध्वनिफितीवरून. रमण सिंहांवर मे २०२१ मध्ये, ‘टूलकिट’ प्रकरणात, सिव्हिल लाइन्स ठाण्यात. बघेलांवर मार्च २०२४ मध्ये, महादेव बेटिंग अ‍ॅपच्या प्रकरणात. पहिल्या दोन वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते, तिसऱ्या वेळी भाजपचे. गुन्हा मात्र दरवेळी त्या सरकारच्या विरोधकावर. शिवाय २०१९ आणि २०२४ चे गुन्हे नोंदले गेले तेव्हा लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती.

यावर दोन ठरलेली मते आहेत. एक म्हणते, हा सगळा सूडाचा खेळ. दुसरे म्हणते, कायदा सर्वांना समान, मग निवडणूक असो की नसो. दोन्ही मते ऐकायला बरी आहेत, पण खऱ्या प्रश्नाला दोन्ही बगल देतात. आरोपी पुढाऱ्याचे काय करायचे, या प्रश्नाशी आपला कायदा गेली पंचेचाळीस वर्षे झुंजतो आहे. ती झुंज मुख्यतः तारखांची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय रायपूरच्या शेजारी, महासमुंद मतदारसंघात घडला आहे.

विद्याचरण शुक्ल हे नाव आणीबाणी अनुभवलेल्या पिढीला सांगावे लागत नाही. रायपूरचे शुक्ल घराणे. वडील रविशंकर शुक्ल नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे पंतप्रधान आणि पुढे मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. विद्याचरण आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री होते. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्याच्या खटल्यात २७ फेब्रुवारी १९७९ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने संजय गांधी आणि शुक्ल यांना दोषी ठरवले. शिक्षा दोन वर्षांची कैद. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाची अपात्रतेची रेषाही दोन वर्षांचीच होती.

तरीही डिसेंबर १९७९ मध्ये शुक्लांनी महासमुंदमधून लोकसभेसाठी अर्ज भरला. प्रतिस्पर्धी होते पुरुषोत्तमलाल कौशिक, १९७७ च्या लाटेत याच शुक्लांना रायपुरात पाडून मोरारजींच्या मंत्रिमंडळात गेलेले समाजवादी. हा माणूस शिक्षा झालेला आहे, असा आक्षेप छाननीच्या वेळी आला. निवडणूक अधिकाऱ्याने तो मानला नाही. जानेवारी १९८० मध्ये शुक्ल निवडून आले. कौशिकांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती प्रलंबित असतानाच, ११ एप्रिल १९८० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शुक्लांना मूळ खटल्यातून निर्दोष सोडले.

आता पेच पाहा. छाननीच्या दिवशी शुक्ल अपात्र होते. निकालाच्या दिवशीही शिक्षा कायम होती. याचिका निकाली निघाली त्या दिवशी मात्र ते निर्दोष होते. यातली कोणती तारीख खरी धरायची? उच्च न्यायालयाने छाननीची तारीख धरली आणि निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वरच्या न्यायालयाने निर्दोष ठरवले की शिक्षा मुळापासून पुसली जाते, जणू ती कधी झालीच नव्हती, असे तर्कशास्त्र त्यामागे होते. ‘विद्याचरण शुक्ल विरुद्ध पुरुषोत्तमलाल कौशिक’ या नावाने १९८१ च्या निकालसंग्रहांत तो छापला गेला आणि चोवीस वर्षे प्रमाण मानला गेला.

आरोपीच्या बाजूने पाहिले तर या निकालात न्याय आहे. जो अखेर निर्दोष ठरला, त्याने मधल्या काळात झालेल्या चुकीच्या शिक्षेचा भुर्दंड का सोसावा? पण व्यवहारात याचा अर्थ असा होत होता की छाननीच्या टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याला भविष्य माहीत असायला हवे. जानेवारी २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केरळमधल्या एका प्रकरणात, ‘के. प्रभाकरन विरुद्ध पी. जयराजन’मध्ये, हा विचार मोडीत काढला. पात्रता छाननीच्या दिवशी पाहायची. नंतर मिळालेली मुक्तता मागे जाऊन अपात्रता धुऊन काढत नाही, असे ठरले. कौशिकांचा मुद्दा असा पाव शतकाने, दुसऱ्याच कुणाच्या खटल्यात, जिंकला.

कलंक कोणत्या दिवसापासून मोजायचा, हे ठरले. कवच कोणत्या दिवसापर्यंत पुरते, हा प्रश्न महाराष्ट्राने देशापुढे ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. भ्रष्टाचाराच्या खटल्यासाठी सरकारी मंजुरी लागते. पण माणूस पदावरून उतरल्यावरही ती लागते का? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटले, की मंजुरीचे कवचही सुटते. पुढे २०१८ मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून हे कवच माजी पदाधिकाऱ्यांनाही परत दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यांपासून संरक्षण दिले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या. आपल्या २०१८ च्या दुरुस्तीच्या वेळी त्या भुवया जागच्या हलल्या नव्हत्या.

तिसरा टप्पा मतदाराचा. पुढाऱ्यावर कोणते खटले आहेत हे जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, असे २ मे २००२ च्या निकालाने सांगितले आणि त्यातून उमेदवाराचे शपथपत्र आले. २०१८ पासून उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे वर्तमानपत्रात आणि वाहिन्यांवर तीनदा जाहीर करावे लागतात. २०२० पासून गुन्हे असलेला उमेदवारच का निवडला, याची कारणेही पक्षाने सांगायची आहेत. दरम्यान १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस निकालाने विद्यमान खासदार-आमदारांची तीन महिन्यांची सवलत काढून घेतली. दोन वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व तिथेच संपते. झीरम घाटीच्या हल्ल्यात जखमी झालेले विद्याचरण शुक्ल त्याच्या एकच महिना आधी, ११ जून २०१३ रोजी वारले होते. दहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधींना बरोबर दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत आली.

म्हणजे कायद्याने शिक्षेनंतरची वाट बऱ्यापैकी बांधून काढली. अडचण अशी की आपल्याकडे शिक्षेपर्यंत पोचणारे खटले थोडे. पुढाऱ्यांचे बहुतेक आयुष्य गुन्हा नोंदणे आणि निकाल यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात जाते. निवडणुकाही नेमक्या तिथेच लढवल्या जातात.

भूपेश बघेल यांचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये एका अश्लील चित्रफितीवरून गुन्हा नोंदला गेला. तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये, विधानसभा निवडणुकीला दोन महिने उरले असताना, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या बघेलांना रायपूरच्या न्यायालयाने कोठडीत पाठवले. त्यांनी सुरुवातीला जामीन मागायलाच नकार दिला आणि तुरुंगालाच प्रचाराचे व्यासपीठ केले. नोव्हेंबरातल्या मतदानात काँग्रेसने ९० पैकी ६८ जागा जिंकल्या. १७ डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले. ४ मार्च २०२५ रोजी रायपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना या प्रकरणातून वगळले आणि सीबीआयने त्या आदेशालाही आव्हान दिले. २०१७ ते २०२५ या काळात दोन विधानसभा आणि दोन लोकसभा निवडणुका होऊन गेल्या. मतदाराने चार वेळा कौल दिला, आणि तोवर आरोप निश्चित करावेत की नाही एवढेदेखील न्यायालयाने ठरवले नव्हते.

दुसऱ्या प्रकरणात पारडे उलटे पडले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, पहिल्या टप्प्याच्या मतदानाला चार दिवस असताना, ईडीने प्रसिद्धिपत्रक काढले: महादेव अ‍ॅपच्या चालकांनी मुख्यमंत्री बघेल यांना ५०८ कोटी रुपये दिल्याचा दावा एका आरोपीने केला असून त्याचा तपास व्हायचा आहे. बघेलांनी तो साफ फेटाळला. त्या निवडणुकीत भाजपला ५४ आणि काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. पुढच्या मार्चमध्ये गुन्हा नोंदला गेला, जूनच्या निकालात बघेल राजनांदगावातून लोकसभा हरले. आरोपामुळे हरले असे म्हणणे धाडसाचे होईल, तसेच २०१८ मध्ये अटकेमुळे जिंकले असे म्हणणेही. पण तपास व्हायचा असलेला दावा मतदानाच्या चार दिवस आधी छापून येतो, तेव्हा मतदाराला तो तपासायला किती वेळ मिळतो? आणि खरा निघाला तर उशिरा आल्याची, खोटा निघाला तर आल्याचीच, भरपाई कोण करतो?

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर चार खटले होते. मतदानापूर्वी निकाल लागला तो एकाच, न्यूयॉर्कच्या खटल्याचा. ३० मे २०२४ रोजी ज्यूरीने ३४ आरोपांत दोषी ठरवले. नोव्हेंबरात ते निवडून आले, जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कसलाही दंड वा कैद न देता त्यांना मोकळे केले. केंद्रीय खटले निवडून आल्यामुळे मागे घेतले गेले. न्यायालय वेळेत पोचले नाही तर मतपेटीच निकाल देऊन टाकते, हे तिथे दिसले.

यावर आपल्याकडे एक शहाणपणाची सूचना धूळ खात पडली आहे. विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात म्हटले होते की पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले की अपात्रता लावावी. मात्र छाननीच्या आधीच्या एका वर्षात दाखल झालेले आरोप त्यातून वगळावेत. त्या एका वर्षाच्या अटीत मर्म आहे. निवडणूक जवळ आली म्हणून फाइल उघडण्याचा मोह तिथेच मोडतो, आणि जुन्या आरोपांना ‘हे तर राजकीय’ म्हणून झटकून टाकण्याची सोयही उरत नाही. त्याऐवजी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत आले ते १३० वे घटनादुरुस्ती विधेयक: गंभीर गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जाईल. इथे न्यायाधीशाने पुरावा चाळून आरोप निश्चित करण्याचीही वाट पाहायची नाही. कोठडी हा तपासाचा पहिला टप्पा. त्यालाच शिक्षेची जागा दिली तर १९७९ पासून कमावलेले सगळे शहाणपण आपण पोलीस ठाण्याच्या दारात सोडून देऊ.

माझे मत स्पष्ट आहे. माजी मुख्यमंत्री असो वा माजी पंतप्रधान, खटला चालायलाच हवा. निवडणूक आहे म्हणून तो थांबता कामा नये, आणि निवडणूक आहे म्हणून सुरूही होता कामा नये. आरोप निश्चित झाल्यापासून वर्षाच्या आत लोकप्रतिनिधींचे खटले संपवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच दिला आहे. तो पाळला गेला तर निम्मे वाद उरणार नाहीत.

तोवर वाचकांना एक विनंती. पुढच्या निवडणुकीत आपल्या उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उघडा. प्रलंबित गुन्ह्यांच्या तक्त्यात एफआयआर क्रमांक, ठाणे, न्यायालय आणि कलमे यांच्या खाली एक ओळ असते: आरोप निश्चित झाले का, आणि झाले असल्यास कोणत्या दिवशी. गुन्ह्यांची संख्या मोजण्याआधी ती ओळ वाचा. गुन्हा दहा वर्षांचा असून ती रिकामी असेल, तर उमेदवाराला आणि सरकारला, दोघांनाही जाब विचारा.