घरबसल्या दिलेला निकाल

‘चित्रपट कसा वाटला?’ हा प्रश्न हल्ली मध्यम वर्गाच्या घरात ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाइतकाच सहज विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही तितक्याच सहजपणे दिले जाते. चित्रकला, संगीत किंवा काव्य यांविषयी बोलण्याचा प्रसंग आला की आपल्यापैकी बहुतेक जण थोडे तरी चाचरतात आणि ‘मला त्यातले फारसे कळत नाही’ अशी प्रस्तावना करतात. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही प्रस्तावना कोणी केलेली मी ऐकली नाही. हा संकोच नाहीसा झाला याबद्दल मला तक्रार करावयाची नाही. सामान्य प्रेक्षकाला मत असण्याचा अधिकार आहे, हे मी गृहीतच धरतो. माझा प्रश्न निराळा आहे. घरी कोचावर बसून, हाती रिमोट घेऊन, मध्ये दोनदा उठून आणि चारदा मोबाइलकडे पाहून जो चित्रपट आपण ‘पाहतो’, त्याविषयी दिलेल्या मतात असत्याचा काही अंश असतो काय? आणि असल्यास तो दोष केवळ अरसिकतेचा समजावयाचा, की नीतीचा?

प्रेक्षकाच्या अधिकाराची चर्चा आपल्याकडे नवी नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या परीक्षणासाठी ‘प्राश्निक’ सांगितले आहेत. त्यांत यज्ञवेत्ता आहे, वैयाकरण आहे, धनुर्धर आहे, चित्रकार आहे आणि गणिकाही आहे. ज्याने त्याने आपापल्या विद्येपुरते पाहावयाचे. परंतु नाटक या परीक्षकांसाठी असते असे भरतांनी म्हटलेले नाही. तरुणाला एक आवडते, वृद्धाला दुसरे, शूराला तिसरे, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे. प्रेक्षकापासून त्यांची मुख्य अपेक्षा एवढीच की, रंगभूमीवर आनंद झाला असता त्याला आनंद व्हावा आणि शोक झाला असता शोक. म्हणजे अधिकार विद्वत्तेमुळे येत नाही, तो आपले मन काही काळ दुसऱ्याच्या स्वाधीन केल्याने येतो. ही अट सोपी दिसते. वस्तुतः ती फार कठीण आहे.

ही अट पुरी करणारा एक प्रेक्षक मी लहानपणी पाहिला आहे. १९८०नंतरच्या दशकात नगरात माळीवाड्यातील आमच्या वाड्यात एकच दूरदर्शनसंच होता, आणि मराठी चित्रपट असला की त्या संध्याकाळी सारा वाडा त्या एका खोलीत जमे. एकदा प्रभातचा १९४० सालचा ‘संत ज्ञानेश्वर’ लागला. माझ्या आजीने पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीशी मांडी घालून ती चित्रपट संपेपर्यंत हलली नाही. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे तिच्या दृष्टीने हे घरचेच कार्य होते. चित्रपट संपल्यावर माझे काका तिला चिडविण्यासाठी म्हणाले, “आई, तुझा ज्ञानेश्वर झालेला शाहू मोडक आपल्या नगरचाच, आणि जन्माने ख्रिस्ती बरं का!” आजी म्हणाली, “भिंत चालू शकते, तर नगरचा पोरगा माउली का होऊ शकत नाही?” आणि ती देवापुढे दिवा लावावयास उठली.

या उत्तराला समीक्षा म्हणता येणार नाही. छायालेखन, पटकथा, युक्तिदृश्ये यांपैकी तिला काहीच ठाऊक नव्हते. तथापि तिचे मत खरे होते, कारण तिच्यावर जे घडले तेवढेच ती बोलली, आणि जे घडावयाचे ते पुरते घडू देण्याइतका वेळ ती जागेवरून हलली नव्हती. हेही ध्यानात घ्यावे की तिने तो चित्रपट घरीच पाहिला होता. तेव्हा दोष घराचा आहे असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही.

मग बदलले काय? अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘अभिनवभारती’त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक विघ्न असे की, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका ग्रासलेला असतो की दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याला शिरता येत नाही. त्यावर उपाय म्हणून वाद्ये, गायन आणि सुशोभित नाट्यमंडप यांची योजना आहे, असे तो सांगतो. म्हणजे आपण ज्याला केवळ बैठकीची सोय समजतो ते नाट्यगृह हे वस्तुतः एक औषध आहे. माणसाला त्याच्या घरातून, हिशेबातून आणि कुरबुरींतून उचलून दुसऱ्या जागी नेल्यावाचून त्याच्या डोक्यातील संसार थांबत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. घरी चित्रपट पाहणारा मनुष्य हे औषध न घेताच नाट्यापुढे बसतो. कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते, उद्याच्या हप्त्याची आठवण येते.

आजीच्या भोवतीही संसार होताच. पण एक गोष्ट तिच्या हाती नव्हती. चित्रपट थांबविणे तिला शक्य नव्हते. तो आपल्या गतीने चाले, आणि तिला त्याच्यामागून जावे लागे. आज काळाची दोरी प्रेक्षकाच्या हाती आली आहे. संथ प्रसंग दहा-दहा सेकंदांनी ओलांडता येतो, संभाषण दीडपट वेगाने ऐकता येते, आणि नकोसे दृश्य बोटाच्या एका दाबाने नाहीसे करता येते. ज्या पक्षाचे म्हणणे चालू आहे त्याला न्यायाधीशाने वाटेल तेव्हा गप्प करावे आणि तरीही निकाल द्यावा, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या पक्षाचे ऐकून घेतल्यावाचून निर्णय देऊ नये, हे न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व आपण घरच्या न्यायालयात रोज मोडतो.

हे मी इतरांविषयी लिहीत आहे असा वाचकांचा समज होऊ नये, म्हणून माझ्यावरच घडलेला एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. मंजुळे यांनी संज्ञापनशास्त्राचे शिक्षण आमच्या नगरातच, न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले होते, आणि त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे गावात या नव्या चित्रपटाविषयी अभिमान होता आणि तो मलाही होता. परंतु चित्रपटगृहात मी गेलो नाही. पुढे तो घरच्या पडद्यावर आला तेव्हा पाहू लागलो. त्या रात्री घरी पाहुणे होते. जब्याच्या कुटुंबाने डुकरामागे धावण्याचा तो दीर्घ प्रसंग सुरू झाला, तेव्हा पाने वाढली जात होती. ‘जेवताना हे नको’, असे कोणी तरी म्हणाले, आणि मी आनंदाने वाहिनी बदलली. ‘आनंदाने’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मलाही सुटल्यासारखेच वाटले होते.

पुढील आठवड्यात वर्गात विषय निघाला, आणि मी माझे मत दिले: चित्रपट प्रामाणिक आहे, परंतु थोडा संथ आणि शेवटी विषण्ण करणारा. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, शेवटचा दगड तुम्हाला कसा वाटला?” मला दगड ठाऊक नव्हता. ‘परिणामकारक आहे’, असे काहीसे मी बोललो. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मान खाली घातली. त्याला कळले होते, आणि त्याला कळले आहे हे मलाही कळले. तो पाथर्डीकडील एका खेड्यातून आलेला मुलगा होता. आपल्या घराविषयी त्याने मला कधी काही सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

त्या रात्री मी दार लावून एकट्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. डुकराचा पाठलाग ऐन भरात असता शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी उभा राहतो, त्याच्या मागोमाग सारे कुटुंब उभे राहते, आणि हाती आलेले डुकर निसटते. मी ताटावरून उठलो नव्हतो, मी केवळ कळ दाबली होती. पुढे तेच डुकर काठीला बांधून, डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून ते नेतात. आणि अखेरीस जब्या चिडविणाऱ्यांवर दगड भिरकावतो, तो दगड सरळ पडद्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो आणि काळोख होतो. ज्याला मी ‘विषण्ण करणारा शेवट’ म्हटले होते तो मी पाहिलेलाच नव्हता. चित्रपटाने मला जो प्रश्न विचारला होता, तो ऐकू येण्यापूर्वीच मी त्याला गप्प केले होते, आणि वर त्याच्याविषयी निकालही दिला होता.

यावरून मला तीन गोष्टींतील भेद स्पष्ट झाला. आवड ही एक गोष्ट, अनुभवाचे निवेदन ही दुसरी, आणि निर्णय ही तिसरी. आवडीला कारण द्यावे लागत नाही. एखादा चित्रपट अर्ध्यावर सोडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, आणि दमूनभागून घरी आलेल्या माणसाने कोणते दुःख पाहावे हे दुसऱ्याने ठरवू नये. निवेदनाला मात्र सत्याचे बंधन आहे; जे आपल्यावर घडले तेवढेच सांगावे. निर्णयाला याहून अधिक लागते, ते म्हणजे संपूर्ण ऐकून घेणे. घरच्या कोचावर या तिन्हींची सरमिसळ होते. ‘मला पाहवले नाही’, एवढे म्हणण्याऐवजी आपण ‘चित्रपट संथ आहे’ असे म्हणतो. पहिले वाक्य आपल्याविषयी असते, दुसरे चित्रपटाविषयी. आणि आपली कमतरता आपण मोठ्या सफाईने दुसऱ्याच्या नावावर लिहितो. हा दोष अरसिकतेचा असता तर क्षम्य होता. माझ्या मते तो नीतीचाच आहे.

कोणी म्हणेल, हे सारे फार गंभीर झाले. चित्रपट ही करमणूक, तिच्यासाठी एवढे नीतिशास्त्र कशाला? शिवाय घरी चित्रपट येऊ लागल्यामुळेच वृद्धांना, आजाऱ्यांना, आणि घर सोडता येत नाही अशा गृहिणींना तो पाहता येऊ लागला. आवडलेला प्रसंग पुन्हा पाहण्याची, न समजलेले विचारून घेण्याची सोय झाली. हे सर्व मला मान्य आहे. मी स्वतः ‘फँड्री’ अखेर पाहिला तोही घरीच, आणि थांबविण्याची जी कळ मी पळून जाण्यासाठी वापरली तिच्याच साहाय्याने भिंतीचे ते दृश्य मी दोनदा पाहिले. साधन एकच, त्यामागील हेतू निराळा. परंतु ‘करमणूकच तर आहे’ या सबबीत एक मेख आहे. आपले मत आपल्यापाशी राहत नाही. शिक्षकाचे मत वर्गात जाते, वडिलांचे मुलांपर्यंत जाते, आणि ‘विषण्ण आहे म्हणे’ एवढ्या ऐकीव शेऱ्यावर दहा जण एखादे सत्य पाहावयाचे टाळतात. ज्यांच्या आयुष्यावर तो चित्रपट असतो, त्यांना ती वाहिनी बदलता येत नाही.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळण्याचा प्रयत्न करतो. चित्रपट कसा वाटला असे कोणी विचारले, तर प्रथम किती पाहिला ते सांगतो. त्यामुळे माझी मते संख्येने पुष्कळच कमी झाली आहेत, आणि बैठकीत माझा दराराही थोडा उतरला आहे. त्या विद्यार्थ्याला मात्र मी खरे उत्तर कधी देऊ शकलो नाही. वर्ष संपले आणि तो गेला. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याला एवढेच कळावे की, त्याने विचारले तेव्हा मी तो दगड पाहिलेला नव्हता. नंतर पाहिला.