पाणी, एकेक अक्षर

जरा थांबा. कीबोर्डवरचे हात उचला.

पडद्यावर एकच शब्द आहे. पाणी.

वाचू नका. नुसता बघा.

आपल्याला दोन अक्षरं दिसतात. श्वास घ्या, पा. श्वास सोडा, णी.

पायथॉनला चार दिसतात. प. मग काना. मग ण. मग दुसरी वेलांटी. या स्ट्रिंगची लांबी विचारा, उत्तर ४ येतं.

शाळेत काना नेहमी कुणाला तरी चिकटून असायचा. इथे तो एकटा आहे. त्याच्याकडे बघत राहा. घाई नाही.

आता शेजारी डिक्शनरी ठेवू, अक्षर आणि त्याची किंमत अशा जोड्यांची. किमती कटपयादीतल्या, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या जुन्या पद्धतीतल्या घेऊ. त्या पद्धतीत प म्हणजे १, ण म्हणजे ५. तिथे अंकांची बेरीज करत नाहीत. ते उजवीकडून डावीकडे मांडतात, आणि पाणी म्हणजे ५१. आपण आज नुसती बेरीज करू.

सुरुवातीला बेरीज शून्य आहे.

या शून्यापाशी थांबा. एकेक अक्षर घेणारा लूप असेल, ते त्याच्या बाहेर, आधी लिहायचं. आत लिहिलं तर दर अक्षराला सगळं पुसलं जातं.

श्वास घ्या.

प येतो. डिक्शनरी १ देते. बेरीज १.

श्वास सोडा.

काना येतो. डिक्शनरीत तो नाही. चौकटी कंसात त्याची किंमत मागितली, तर पायथॉन की-एरर देऊन तिथेच थांबतो. म्हणून डिक्शनरीचं गेट वापरा आणि सोबत शून्य द्या. नसेल तर शून्य धर, एवढंच सांगणं. बेरीज १च राहते.

कटपयादीतही काना-मात्रेला किंमत नाही. हे जुळणं मला फार आवडतं.

शून्य मिळालं, तरी कान्याची पाळी चुकली नाही. त्या पाळीसोबत क्षणभर राहा.

ण येतो. ५. बेरीज ६.

वेलांटी येते. शून्य. बेरीज ६.

पायथॉनचं सम आणि गेट मिळून हे सारं एका ओळीत बसतं. आज ती ओळ राहू द्या. पुन्हा एकदा, सावकाश. प. काना. ण. वेलांटी.

आता शब्द तुम्ही निवडा.

जोडाक्षर असेल तर आणखी हळू चला. क्ष मधून तीन जण बाहेर येतात: क, हलन्त, ष. कटपयादी त्यातल्या शेवटच्या व्यंजनालाच किंमत देते. आपला लूप क आणि ष दोन्ही मोजतो. तिथे तो बदलावा लागेल.