राबणारे मारेकरी, स्वस्थ संत

छळाच्या चित्रात तडफड सोसणाऱ्याची असणार, असं आपण धरून चालतो. प्रबोधनकाळातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची छापील चित्रं पाहिली की हा समज डळमळतो. तिथे घाम मारेकऱ्यांना फुटलेला असतो आणि संत स्वस्थ असतो. या मांडणीतच त्या चित्रांचा सगळा विचार आहे.

आल्ब्रेख्त ड्यूररने १४९८ साली न्यूरेंबर्गमध्ये बायबलातल्या ‘प्रकटीकरणा’वर १५ मोठे लाकूडठसे प्रसिद्ध केले. पहिल्याच चित्रात संत योहान उकळत्या तेलाच्या काहिलीत आहे. एक जण भाता दाबून जाळ वाढवतो आहे, दुसरा लांब दांड्याच्या ओगराळ्याने योहानाच्या अंगावर तेल ओततो आहे. सम्राट डोमिशियन तुर्की सुलतानाच्या थाटात सिंहासनावर बसला आहे, मागे बघ्यांची दाटी आहे. या धांदलीत योहान हात जोडून प्रार्थना करतो आहे. परंपरा सांगते की तेलाने त्याला इजा झाली नाही. तो वाचला, म्हणून त्याच्या हातून पुढची दर्शनं लिहिली गेली. हे चित्र आरंभी येतं ते त्यामुळेच.

आता माध्यमाकडे पाहू. लाकूडठशात रेघ उभी ठेवायची आणि भोवतीचं लाकूड कोरून काढायचं. रक्ताला लाल रंग नाही, होरपळीला काळानिळा नाही. वेदना अंगावर रंगवता येत नसेल तर ती दाखवायची कशी? ड्यूरर ती भात्यात, ओगराळ्यात, वाकलेल्या पाठीत दाखवतो. योहानाचं अंग मात्र बहुतांश कोऱ्या कागदाचंच राहतं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या मार्कांतोनियो राइमोंदीने सुमारे १५२५ साली बांदिनेल्लीच्या रेखाटनावरून संत लॉरेन्सचं हौतात्म्य कोरलं. लोखंडी जाळीवर भाजून मारलेला हा रोमचा संत. जल्लादांचे पीळदार देह ज्या वळणदार रेघांनी भरले, त्याच रेघांनी संताचाही देह घडवला आहे. राबणूक मात्र जल्लादांच्याच वाट्याला आली आहे. सत्तेला आपलं म्हणणं लादायला इतकी लाकडं आणि इतकी माणसं लागतात. संताला आपलं म्हणणं टिकवायला तो स्वतः पुरतो.

सोळाव्या शतकाच्या शेवटी हा तोल बदलला. रोमच्या सान्तो स्तेफानो रोतोन्दो चर्चमध्ये पोमारांचोने हौतात्म्यांची भित्तिचित्रं काढली आणि काव्हालिएरीने ती तांब्यावर उतरवली. त्यांत प्रत्येक छळाला अक्षर दिलं आहे आणि खाली त्याचा खुलासा. प्रोटेस्टंट मुलुखात पाठवायच्या तरुण धर्मगुरूंना पुढे काय वाढून ठेवलं आहे ते कळावं, हा हेतू समजण्यासारखा होता. १५९१ साली गाल्लोनियोने छळाच्या साधनांवर पुस्तकच लिहिलं, त्यातली चित्रं तेम्पेस्ताने कोरली. कप्प्या, चाकं, आकडे, फासे यांची इथे नीट ओळख होते. संत मात्र उदाहरणापुरता उरतो.

माहिती या नंतरच्या चित्रांत जास्त आहे, बळ ड्यूररच्या चित्रात. हत्यार मोठं झालं की माणूस लहान होतो, हे श्रद्धेच्या चित्रालाही चुकत नाही. अशी चित्रं समोर आली तर जखमा शोधू नका. आधी राबतंय कोण ते पाहा, मग स्वस्थ कोण आहे ते पाहा.