तलवारीचा पगार

आमच्या घरात एक तलवार आहे. म्हणजे, आहे असं आम्ही मानतो. ती म्यानातून बाहेर आलेली मी कधीच पाहिलेली नाही. दरवर्षी खंडेनवमीला मी म्यानाला हळदकुंकू लावतो, फूल वाहतो आणि आतल्या गंजाला मनोभावे नमस्कार करतो. आमच्या हिचं म्हणणं, ‘विळी असती तर निदान भाजी तरी चिरली असती!’

आजोबा सांगत, आमचे कोणी पूर्वज नागपूरकर भोसल्यांचे शिलेदार होते. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तलवारही स्वतःची. त्या चाकरीबद्दल चांदा भागात दोन गावं मिळाली. पुढे १८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. चाकरी संपली, गावं मात्र राहिली. इंग्रजांनी आम्हाला त्याच गावांचे मालगुजार केलं आणि मालगुजारी गेली ती थेट १९५१ साली. म्हणजे आम्ही सत्त्याण्णव वर्षं नोकरीवर न जाता पगार उचलला! मी एकदा दोन दिवस न सांगता रजेवर राहिलो, तर साहेबानं पगार कापला होता.

असे आम्ही एकटेच नव्हतो, एवढंच समाधान. रशियात पीटर बादशहानं सरदारांना सक्तीनं चाकरीला जुंपलं आणि १७२२ साली त्यांच्या हुद्द्यांची पायरीवार यादी केली. शेतावरची कुळं सरदारांना बांधलेली आणि सरदार बादशहाला. १७६२ साली तिसऱ्या पीटरनं सरदारांची सक्ती उठवली. कुळांची सुटका झाली १८६१ साली. त्यांच्या पंचांगाप्रमाणे मधे नव्याण्णव वर्षं आणि एक दिवस गेला! मालकानं पहारा सोडला, तरी पहाऱ्याची मजुरी कुळं भरतच राहिली.

हे सगळं मी मोठ्या चवीनं लोकांना सांगत असे. गेल्या दसऱ्याला आमच्या ऑफिसातले जुने चपराशी सोनं द्यायला आले. म्हातारे अहेरीकडचे. त्यांनी म्यान हातात घेतलं, वजन पाहिलं आणि विचारलं, “काहून जी साहेब, हे तलवार कोनासाठी चालली?”

मी म्हटलं, “राजासाठी.”

“अन् गावासाठी?”

मला उत्तर सुचेना. चहा आला म्हणून सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. १८५८ साली त्यांच्याच मुलखात दोन जमीनदार होते. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांवर उठले. अहेरीच्या लक्ष्मीबाईंनी इंग्रजांना मदत केली आणि बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं, तेव्हा वय अवघं पंचवीस. चाकरी दोघांनीही केली. राज्य बदललं तसा बाईंनी धनी बदलला. घराणं सांभाळायचं तर दुसरं काय करणार, असंही कोणी म्हणेल. आमच्या घराण्यानं त्या साली काय केलं, ते आजोबांनी कधी सांगितलं नाही. गावं शाबूत राहिली, एवढं मात्र ते अभिमानानं सांगत.

तेव्हापासून वाटतं, नुसती चाकरी केली म्हणून खाल्लेलं अन्न फिटत नाही. ज्यानं ताटात वाढलं त्याची की ज्यानं पिकवलं त्याची, हेही पाहावं लागतं. मीही तेहतीस वर्षं सरकारी चाकरी केली. आता पेन्शन खातो. फायलींवर सह्या करताना साहेबाचा चेहरा डोळ्यांपुढे असायचा. अर्जदाराचा किती वेळा होता, ते मोजायला बसलो आणि एका हाताची बोटं पुरली.

जाताना मी म्हाताऱ्यांना विचारलं, “तुमच्याकडे आहे का असं काही जुनं हत्यार?”

“आज्याची कुऱ्हाड हाय जी. जमीनदाराची बेगार केली त्यानं तिच्यावर. दांडा तीनदा बदलला. पन चालते!”

यंदा खंडेनवमीला त्यांना कुऱ्हाड घेऊन यायला सांगितलं आहे. हळदकुंकू तिलाच लावीन म्हणतो. आमची ही म्हणाली, “येताहेत तर अंगणातलं वाळकं झाडही तोडून मागा.”

मी म्हटलं, “नको. या वेळी झाड मी तोडतो.”