शिळे सत्य

असत्य बोलू नये हा नियम आपल्याला इतक्या लहानपणी शिकवला जातो, की त्याचा नेमका अर्थ काय हे विचारण्याचे पुढे कोणास सुचत नाही. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत या नियमाची जी चर्चा आढळते ती बहुधा अपवादांची असते. मारेकरी दारात उभा राहून आपल्या सावजाचा ठावठिकाणा विचारू लागला तर खरे सांगावे काय, मरणोन्मुख रोग्यास त्याची अवस्था कळवावी काय, इत्यादी. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही, की वाक्य उच्चारले त्या क्षणीच त्याचा खरेखोटेपणा कायमचा ठरून जातो. पण जे वाक्य लिहिले तेव्हा सर्वस्वी खरे होते आणि पुढे लिहिणाऱ्याने बोटही न हलवता केवळ जग बदलल्यामुळे खोटे झाले, त्याचे काय? ते तसेच राहू देणारा मनुष्य असत्य बोलतो, असे म्हणावयाचे काय?

हा प्रश्न मला तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत न भेटता एका भलत्याच ठिकाणी भेटला. पोस्टग्रेस्क्यूएल नावाचा एक मुक्तस्रोत डेटाबेस आहे. म्हणजे नोंदी ठेवण्याची व शोधून देण्याची अशी संगणकीय व्यवस्था, की जिची घडण कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली 1986 साली तिचे काम सुरू झाले. 1994 मध्ये विद्यापीठाने ते थांबवले, 1996 मध्ये तिला हल्लीचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून देशोदेशींची मंडळी तिचा सांभाळ करीत आली आहेत. तिला धनी असा कोणी नाही. या व्यवस्थेला तीनशेहून अधिक कळा आहेत. किती स्मृती वापरावी, एका वेळी किती ग्राहकांना आत घ्यावे, नोंद डिस्कवर उतरल्याची खात्री केव्हा करून घ्यावी, अशा एकेका बाबीसाठी एकेक कळ आहे. प्रत्येक कळ काय करते, तिचा मूळ अंक कोणता व तो बदलल्यास काय होईल, हे एका मार्गदर्शिकेत लिहिलेले असते. ही मार्गदर्शिका सांभाळणे हे काम दिसावयास अगदी कारकुनी आहे. त्यात प्रतिष्ठा नाही, आणि चूक झाल्याशिवाय त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली असते, ही या कामातील पहिली अडचण. मूळ कार्यक्रमात कळेची व्याख्या असते, व्यवस्थेबरोबर येणाऱ्या नमुनाफाईलीत तिचा मूळ अंक असतो, आणि मार्गदर्शिकेत तिचे विवरण असते. पहिल्या दोहोंतील नावे जुळतात की नाही हे तपासण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. परंतु विवरण खरे आहे की नाही हे कोणतेही यंत्र सांगत नाही. तेथे मनुष्याने वाक्य वाचून 'हे आजही असेच आहे काय?' असे स्वतःस विचारावे लागते.

वर्क मेम नावाची कळ घ्या. क्रमवारी लावणे यासारख्या एका क्रियेला किती स्मृती वापरू द्यावी, हे ती ठरवते. मूळ अंक आहे 4 मेगाबाइट. घाईत असलेला वाचक 'एका क्रियेला' याऐवजी मनात 'एका ग्राहकाला' असे वाचतो आणि चाराचे दोनशे छप्पन्न करून मोकळा होतो. वस्तुतः एकाच प्रश्नाचे उत्तर काढताना अशा अनेक क्रिया एकदम चालू असू शकतात, आणि प्रश्न विचारणारे शंभर असू शकतात. मग एखाद्या गर्दीच्या दिवशी सर्व्हरची स्मृती संपते, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. एवढा अनर्थ टाळण्याचे काम मार्गदर्शिकेतील एका विशेषणावर अवलंबून असते. पण माझ्या दृष्टीने यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 2022 साली आलेल्या 15 व्या आवृत्तीत एका दुसऱ्याच कळेचा मूळ अंक एकाचा दोन झाला, आणि त्यामुळे काही जातीच्या क्रियांना वर्क मेमच्या दुप्पट स्मृती घेण्याची मुभा मिळाली. वर्क मेमचे नाव तेच, अंक तोच; तिच्याविषयी कोणी काही बदलले नाही. तथापि 'एका क्रियेला 4 मेगाबाइट' हे ज्याने आपल्या वहीत पूर्वी प्रामाणिकपणे टिपून ठेवले होते, त्याचे वाक्य त्या दिवशी अर्धे खोटे झाले.

याच्या उलट, 2016 च्या आरंभी आलेल्या 9.5 या आवृत्तीत चेकपॉइंट सेगमेंट्स ही जुनी कळ काढूनच टाकण्यात आली. जुन्या फाईलीत तिचे नाव राहून गेले असेल तर नवा सर्व्हर सुरू होण्याचेच नाकारतो. लोकांना याचा त्रास झाला असेल. पण हा शिळेपणा निदान प्रामाणिक म्हटला पाहिजे. नासलेल्या दुधाप्रमाणे तो आपण होऊन कळतो. नाव तसेच ठेवून अर्थ सरकतो, तो प्रकार मात्र फार वाईट.

तिसरा एक प्रकार आहे, आणि तो माझ्या प्रश्नाच्या चौकटीत नीट बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. एफ-सिंक आणि सिंक्रोनस कमिट अशा दोन कळा आहेत. कोणतीही बंद केली तरी काम वेगाने होते, म्हणून दोन्हींचा मोह पडतो. मार्गदर्शिका त्यांतील भेद स्पष्ट करते. सिंक्रोनस कमिट बंद असता वीज गेली तर शेवटच्या काही क्षणांतील नोंदी गमावतात, पण उरलेली वही सुसंगत राहते. एफ-सिंक बंद असता वही अशी विस्कटू शकते की ती पुन्हा जुळवता येत नाही. यावरून वाचक साहजिकच असे समजे, की एफ-सिंक चालू ठेवली म्हणजे आपण निर्धास्त. 2018 साली असे उघडकीस आले, की लिनक्सवर डेटा डिस्कवर उतरवताना अडचण आली तर ती व्यवस्था एकदा चूक झाल्याचे सांगते; पण पुन्हा विचारले असता, डेटा उतरलेला नसतानाही, सर्व ठीक असल्याचे सांगू शकते. पोस्टग्रेस पुन्हा विचारीत असे आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवीत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये निघालेल्या दुरुस्त्यांत हे बदलले. आता अशी चूक झाली की सर्व्हर स्वतःस थांबवतो आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून वही पुन्हा उभी करतो. येथे मार्गदर्शिकेतील आश्वासन शिळे झाले नव्हते. ते पूर्णपणे ताजे कधी नव्हतेच. लिहिणाऱ्यांनी जे मानले ते चांगल्या समजुतीने मानले होते. त्यांना असत्यवादी कोण म्हणेल? पण कळल्यानंतर ते वाक्य एक दिवस जरी जाणूनबुजून तसेच ठेवले असते, तर मी त्यांना असत्यवादीच म्हटले असते.

असे का, ते सांगतो. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध अशी तक्रार करतो, की लिहिलेल्या शब्दांना काही विचारले तर ते पुन्हा पुन्हा तेच सांगतात आणि संकटात सापडले तर त्यांना आपल्या जनकाच्या साहाय्याची गरज लागते. साधारण ग्रंथाचा जनक मरतो आणि ग्रंथ पोरका होतो. आपण तो पोरका समजूनच वाचतो, म्हणून तो फसवीत नाही. मार्गदर्शिका मात्र वर्तमानकाळात बोलते. 'ही कळ असे करते' हे वाक्य लिहिले गेले एकदा, पण जो जो ते उघडतो त्याच्यापुढे ते आज नव्याने उच्चारले जाते. मग उच्चारणारा कोण? ज्याने प्रथम लिहिले तो नव्हे. ज्याने ते सांभाळण्याचे पत्करले तो.

यावर कोणी म्हणेल, ही मंडळी पुष्कळ अंशी स्वेच्छेने राबतात. परवान्यातच लिहिले आहे की वस्तू आहे तशी दिली आहे आणि तिची देखभाल करण्याचे बंधन आमच्यावर नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे आहे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात जो पाणपोई घालतो त्याच्यावर तरी कोणते बंधन असते? त्याने ती घातली नसती तर त्यास कोणी बोल लावला नसता, आणि कंटाळा आल्यास तो ती बंदही करू शकतो. पाटी तशीच लटकवून रांजण मात्र आठ आठ दिवस न धुणे, एवढे त्याला करता येत नाही.

आपल्या परंपरेत ग्रंथ सांभाळण्याच्या दोन रीती दिसतात. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तेथे शुद्धी म्हणजे मध्यंतरी शिरलेले काढून मुळाकडे परत जाणे. त्याआधी, 1520 साली, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचले. जुन्या गणिताने काढलेला ग्रह आकाशात त्या जागी दिसेना, म्हणून त्यांनी गणित आकाशाशी जुळवून घेतले. पूर्वाचार्यांना खोटे ठरवण्याची त्यांना गरज भासली नाही. त्यांच्या काळी पूर्वाचार्यांचे गणित खरे होते. मार्गदर्शिका सांभाळणारे या दुसऱ्या कुळातील. आमच्या विद्वानांत पहिल्या कुळाचा मान मोठा, दुसऱ्याचा फारसा नाही. याचे कारण मला अद्याप उमगलेले नाही.

वाचकाचेही कर्तव्य आहेच. परंतु त्यावर फार भर देणाऱ्यांचा मला संशय येतो. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीत परवलीच्या शब्दावाचून उघड्या राहत, आणि त्या बाहेरून येणाऱ्या कोणाचेही ऐकत. 2017 च्या जानेवारीत हजारो ठिकाणच्या नोंदी पुसून चोरांनी खंडणी मागितली. सावधगिरीच्या सूचना मार्गदर्शिकेत होत्या. पण जो मार्गदर्शिका वाचीत नाही तोही एक वाक्य वाचल्यावाचून राहत नाही, आणि ते म्हणजे मूळ अंक. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 3.6 या आवृत्तीत तो अंक बदलून, यंत्राने मूळात स्वतःपुरतेच ऐकावे असे करण्यात आले. सूचना ठळक करण्यापेक्षा हे बरे झाले.

राहता राहिला जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, आणि पुढे तिची मार्गदर्शिका फाडून न टाकता तशीच ठेवली जाते. तिच्यात चेकपॉइंट सेगमेंट्स अजून आहे, आणि त्या आवृत्तीपुरते ते विवरण बरोबरही आहे. एक मोठा धरणारा जुना सर्व्हर कोठेतरी चालू असतो, आणि त्याच्यापाशी बसलेल्या माणसास तेच पान हवे असते. म्हणून ते पान कोणी दुरुस्त करीत नाही. त्याच्या माथ्यावर फक्त, ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही, असे लिहिलेले असते.