बूट झटकताना

पहाटे साडेपाचच्या सुमाराला आमच्या निगडीच्या इमारतीच्या जिन्यात दोन आवाज येतात. ठक्, ठक्. शेजारचे काका पहिल्या शिफ्टला निघालेले असतात. चाकणला जाणारी कंपनीची बस त्यांना चौकात गाठायची असते. पण कितीही घाई असली तरी ते दाराबाहेर पायरीवर बसतात, सेफ्टी शूज उलटे करतात, टाचा फरशीवर आपटतात आणि मग आत हात घालून बोटांनी चाचपून बघतात. पार पुढे, लोखंडी टोपीपर्यंत. मला ही गावाकडची खोड वाटायची. काका मूळचे खेड तालुक्यातले. वस्तीवरच्या घरात पायताण झटकल्याशिवाय कुणी पाय घालत नाही, विंचू बसलेला असतो. एकदा मी गमतीनं म्हटलं, “काका, तिसऱ्या मजल्यावर कुठला आलाय विंचू?” ते हसले. म्हणाले, “विंचू परवडला. तो चावला की कळतं तरी.” त्यांना शुगर निघून बरीच वर्षं झाली. एकदा मशीन शॉपमध्ये लेथवरची एक चिप बुटात गेली आणि पाळी संपेपर्यंत आतच राहिली. त्यांना पत्ताच नाही. घरी येऊन मोजा काढला, तेव्हा त्यावरचं रक्त आधी काकूंना दिसलं.

दुखलं नाही, म्हणून नशीब, असं आपण म्हणतो. इथे न दुखणं हेच दुखणं आहे. कालव्याचं पाणी कमी झालं की टेलचं शेत आधी सुकतं. चासकमानच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या मज्जातंतूंचंही थोडंफार तसंच. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू अंगातले सगळ्यांत लांब, जवळजवळ मीटरभर. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बहुधा झीज त्यांच्या टोकापासून सुरू होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. मग कापसावर चालल्यासारखं वाटतं. एखादे दिवशी पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि माणूस चार पावलं पुढे गेलेला असतो. काका तर अंगानं किडकिडीत. शुगर म्हणजे ढेरीवाल्यांचं दुखणं, या समजुतीत त्यांची सुरुवातीची काही वर्षं गेली. त्यांना काय दोष द्यायचा? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही एकच, २२.३. पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. डोळ्यांना दिसणारा सडपातळपणा किती फसवा असतो, हे सांगायला डॉक्टरांनी स्वतःलाच पुढे केलं, हे मला फार आवडलं.

तर आज एवढंच. झोपण्याआधी दोन मिनिटं पायांना द्या. रात्रपाळीचा आठवडा असेल तर ती दोन मिनिटं सकाळी, घरी येऊन अंथरुणाला टेकण्याआधी. उजेडात बसा. तळवा, टाच आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्या बघा. दिवसभर मोज्यात आणि बुटात घाम साचतो तो तिथेच. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा आणि पाय वर धरा. नजर कमी झाली असेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाय धुतले की बेचक्या कोरड्या करा. खोबरेल तेल टाचेला लावा, तळव्याला लावा, बेचक्यांत नको. कढत पाण्यात पाय सोडून बसायची हौस असेल तर आधी कोपर बुडवून बघा. बाळाला न्हाऊ घालताना आई बघते ना, तसं. पायाला पाणी सोसतं की नाही, हे आता पायाला विचारून उपयोग नाही. कुरुपावर ब्लेड चालवायचं नाही. हा मोह फार जणांना होतो, विशेषतः हातात हत्यार धरायची सवय असलेल्यांना. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. नवे सेफ्टी शूज मिळाले की पहिल्याच दिवशी अख्खी पाळी त्यात काढू नका. थोडा वेळ घालून बघा, काढा आणि कातडीवर लाल वळ उठलाय का ते बघा. तंग असतील तर स्टोअरमध्ये मोठा नंबर मागा. सुट्टीच्या दिवशी उन्हात तापलेल्या फरशीवरून देवळात जायचं असेल तर पायात मोजे असू द्या, देव रागावत नाही. आणि कातडी फाटलेली दिसली, फोड दिसला, एखादी जागा लाल, सुजलेली किंवा गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दुखत नसलं तरी. वर्षातून एकदा पायांची तपासणी मागून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात. दहा ग्रॅमच्या जोराला तो वाकतो, आणि तुम्ही डोळे मिटून सांगायचं, लागला की नाही लागला. एवढा साधा कारभार आहे. सुई नाही, उपाशीपोटी जाणं नाही.

खरं तर पाय जपणं आपल्या भागाला नवं नाही. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तिच्यात पादुका असतात. पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. त्या संध्याकाळी आकुर्डीत वेगळीच लगबग असते. कुणी चहा वाटतं, कुणी तुटलेल्या चपलांना टाके घालून देतं आणि कुणी तेलाची बाटली घेऊन वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतं. काका त्यांतलेच. एरवी फारसं न बोलणारा हा माणूस तिथे अनोळखी म्हाताऱ्यांचे तळवे मांडीवर घेऊन तासन् तास बसतो. एका वर्षी त्यांनी एका आजोबांच्या टाचेखालचा फोड बरोबर हेरला आणि त्यांना हाताला धरून औषधाच्या तंबूत नेलं. घरी येऊन कौतुकानं सांगायला लागले, तर काकूंनी विचारलं, “आणि स्वतःचे तळवे शेवटचे कधी बघितलेत?” काकांना आठवेना. आपल्याकडे पाय म्हणजे दुसऱ्याचे. वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावायचा, वारकऱ्यांचे चेपायचे, पाहुणा आला की पाय धुवायला पाणी द्यायचं. स्वतःच्या पायांकडे निवांत बघत बसलेला माणूस मात्र रिकामटेकडा वाटतो. काकांना पहिले काही दिवस तसंच वाटलं. दार लोटून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून ते पाय वर घ्यायचे. आता टीव्हीवरच्या बातम्या चालू असतात आणि हे सोफ्याच्या कडेला बसून एकेक बेचकी उघडून बघत असतात. परवा मी गेलो तेव्हाही हातातलं काम थांबलं नाही. “बस रे, डावा झालाय, उजवा राहिलाय.” आरसा तोच, सकाळच्या दाढीचा. काकूंचं म्हणणं, नवा आणू या, पायाचा आणि तोंडाचा एक नको. काका म्हणतात, जास्त काम पायच करतात, तोंडानंच दुसरा शोधावा.